पाखरांचा होका

मागच्या वर्षी ऑक्टोबरमधली एक दुपार. असरची वेळ झाली होती. आमच्या अब्बांनी हॉलमध्ये अंथरलेल्या मुसल्ल्यावर पाय ठेवला, क्षणभर थांबले आणि परत मागे झाले.

"ही दिशा कुणी ठरवली?"

"फोनने," आम्ही म्हणालो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. हा लेखही दोघांनी मिळूनच लिहिला आहे. आमच्यातली एक शाळेत विज्ञान शिकवते, दुसरा पनवेलला नोकरी करतो. मुंब्र्याच्या या फ्लॅटमध्ये आम्ही मे महिन्यात राहायला आलो. सामान अजून खोक्यांत होतं तेव्हाच फोनवरच्या अ‍ॅपवर किबला पाहिला, फरशीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि कामाला लागलो. मशीद दोन वळणांपलीकडे आहे. त्या वळणांत डोक्यातल्या दिशा फिरतात, त्यामुळे मशिदीतला किबला आणि घरातला किबला ताडून पाहावा हे कुणाच्या मनातही आलं नाही.

अब्बा गॅलरीतून आत येणाऱ्या उन्हात उभे राहिले. "ऊन माझ्या डाव्या कानावर पडतंय. या दिवसांत असरला ते गालावर पडायला हवं. तुमचं तोंड कच्छच्या रणाकडे आहे."

मगरिबच्या आधी त्यांनी आम्हाला गॅलरीत उभं केलं. सूर्य खाडीपलीकडच्या इमारतींवर टेकला होता. त्यांनी हात सरळ लांब केला, मूठ वळली आणि मावळत्या सूर्याच्या उजवीकडे एकापुढे एक दोन मुठी मोजल्या. लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा डावीकडे मावळतो आणि मुंबईहून मक्का पश्चिमेच्या थोडी उजवीकडे, म्हणजे किंचित उत्तरेकडे आहे. दोन मुठींचा हिशेब बरोबर बसतो. आमची पेन्सिलची रेघ त्याच्याही उजवीकडे आणखी चार मुठी होती.

रात्री आम्ही फोन उलटसुलट करून पाहिला. दोष अ‍ॅपचा नव्हता. फोनला पाकिटासारखं कव्हर होतं आणि ते मिटून राहावं म्हणून त्यात नाण्याएवढा लोहचुंबक शिवलेला होता. कव्हर काढलं, लोखंडी कपाटापासून लांब गेलो, तर स्क्रीनवरचा बाण आपणहून फिरला आणि अब्बांच्या मुठीवर येऊन थांबला. पाच महिन्यांच्या नमाजांचं काय, हे आम्ही मौलानांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. तो भाग इथे लिहिण्याचा नाही.

अब्बा बोटीवर होते. आमच्याकडच्या किनारपट्टीवर एवढं सांगितलं की पुरतं. एकतीस वर्षं समुद्रात गेली, त्यातली शेवटची बरीचशी सुकाणी म्हणून. चक्र हातात आणि नजर होक्यावर. होका म्हणजे होकायंत्र. जहाजच मुळी लोखंडाचं, मग त्यातला काटा खरी उत्तर दाखवणार कसा? म्हणून होक्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन गोळे बसवलेले असतात आणि खाली लहान लोहचुंबक असतात. जहाजाच्या लोखंडाची ओढ मारायला दुसरी ओढ. "तरी आम्ही होक्यावर एकट्यावर कधी विसंबलो नाही," अब्बा म्हणाले. "दिवसा सूर्य बघायचा, रात्री तारे बघायचे. तिन्ही साक्षी जुळल्या तर खरं."

हे सगळं आमची धाकटी मुलगी ऐकत होती. ती सातवीत आहे. तिने विचारलं, "दादाजान, मग तुमच्या मशिदीच्या हौदावर येतो त्या पाहुण्याकडे काय असतं? फोन की होका?"

पाहुणा म्हणजे धोबी पक्षी, काही जण त्याला परीट म्हणतात. आमचं गाव मुरूडच्या अलीकडे खाडीकाठी आहे. पावसाळा सरला की तिथल्या मशिदीच्या हौदाच्या कठड्यावर हा लांब शेपटीचा पक्षी येतो आणि सारखी शेपटी वरखाली करत चालतो. उन्हाळा त्याने हिमालयात किंवा त्याच्याही उत्तरेला काढलेला असतो. आमच्या अम्मी होत्या तोवर तो दिसला की त्या घरात येऊन सांगायच्या, "पाहुणा आला, आता पाऊस गेला." अम्मींना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हे काम अब्बा करतात.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी जी शिक्षिका आहे तिलाही नीट येत नव्हतं. तिने वाचायला सुरुवात केली आणि त्या हिवाळ्यात रोज रात्री जेवणानंतर ते आमच्या घरात बोललं जाऊ लागलं. अब्बा ऐकायला बसत. त्या दिवसांत त्यांना करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, कारण ते आमच्याकडे पाहुणे म्हणून आले नव्हते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाला होता.

काचबिंदू गुपचूप येतो. समोरचं नीट दिसत राहतं, पण कडेचं एकेक गळत जातं. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब टाकून राहिलेली जपायची, एवढंच हातात असतं. गावी अब्बा एकटे होते आणि थेंब टाकायचे राहून जात. म्हणून आम्ही त्यांना घेऊन आलो, आणि आता इथेच राहायचं असं ठरवूनही टाकलं. त्यांना विचारलं नव्हतं.

तर पाखरांचा होका. पक्षी सूर्य पाहतात, तारे पाहतात, ओळखीचे डोंगर आणि नद्या पाहतात, कबुतरं तर वासाचाही आधार घेतात, हे वेगवेगळ्या प्रयोगांतून दिसलं आहे. पण ढगाळ रात्री, खाली समुद्र असताना काय? युरोपात रॉबिन नावाचा चिमणीहून थोडा लहान, नारिंगी छातीचा पक्षी आहे. तो रात्री प्रवास करतो. स्थलांतराचा मोसम आला की पिंजऱ्यात ठेवलेला रॉबिनही रात्रभर अस्वस्थ होतो आणि ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला उड्या मारत राहतो. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट इथे संशोधकांच्या लक्षात आलं की बंद खोलीत, जिथून आभाळ दिसत नाही तिथेही, तो दिशा चुकत नाही. मग १९६० च्या दशकात वोल्फगांग विल्टश्को यांनी पिंजऱ्याभोवती तारेची मोठी वेटोळी लावली आणि त्यांतून वीज सोडून आतलं चुंबकीय क्षेत्र वळवलं. उत्तर जिकडे फिरवली तिकडे रॉबिनच्या उड्याही फिरल्या.

उड्या मोजायची एक साधी युक्ती अमेरिकेत निघाली. १९६६ मध्ये एम्लेन पितापुत्रांनी नरसाळ्यासारखा पिंजरा केला. तळाला शाईचं पॅड, चारी बाजूंच्या उतारावर टीपकागद. पक्षी उडी मारतो, उतारावर त्याच्या पायांचे ठसे उमटतात. सकाळी कागद उलगडला की रात्रभर त्याला कुठे जायचं होतं ते काळ्या शाईत लिहिलेलं असतं. आमच्या मुलीला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

पुढची गोष्ट जास्त नवलाची आहे. १९७२ मध्ये वोल्फगांग आणि त्यांच्या पत्नी रोस्विता या दोघांनी दाखवून दिलं की रॉबिनचा होका आपल्या होक्यासारखा नाही. आपल्या काट्याला उत्तर टोक आणि दक्षिण टोक कळतं. रॉबिनला ते कळत नाही. त्याला कळतो तो उतार. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा ध्रुवांपाशी जमिनीत जवळजवळ सरळ घुसतात आणि विषुववृत्ताकडे येतायेता आडव्या होतात. रेषा किती आणि कुठे कलली आहे यावरून पक्षी ओळखतो की ध्रुव इकडे आणि विषुववृत्त तिकडे. या रेषा अगदी आडव्या होतात ते चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातलं थुंबा त्याच्याजवळ आहे, आणि १९६३ मध्ये भारताचं पहिलं अग्निबाण उड्डाण तिथून झालं त्याचं एक मोठं कारण तेच होतं.

पण शरीरात हे कळतं कशाने? बराच काळ वाटत होतं की कबुतराच्या चोचीत लोहाचे कण असलेल्या पेशी आहेत आणि तोच त्यांचा काटा. २०१२ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी त्या पेशी बारकाईने तपासल्या, तेव्हा त्या संवेदनेच्या पेशी निघाल्याच नाहीत. त्या शरीराची साफसफाई करणाऱ्या पेशी होत्या. म्हणून चोचीची कहाणी संपली असं मात्र नाही. चोचीकडून मेंदूकडे जाणारी नस काही पक्ष्यांना आपण कुठे आहोत हे ओळखायला मदत करते, असं दिसतं. दिशा ओळखण्याच्या बाबतीत मात्र बोट दुसरीकडे गेलं, डोळ्याकडे.

१९९३ च्या सुमारास दिसलं होतं की निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात पक्ष्यांना चुंबकीय दिशा सापडते, लाल प्रकाशात ते गोंधळतात. होकायंत्राला प्रकाशाची गरज का असावी? क्लाउस शुल्टेन नावाच्या शास्त्रज्ञाने याचं उत्तर १९७८ मध्येच सुचवलं होतं. तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उत्तराला एक पत्ता दिला: क्रिप्टोक्रोम. डोळ्याच्या पडद्यात असणारं हे एक प्रथिन आहे. त्याच्यावर निळा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून शेजारी उडी मारतो. मागे एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो, पुढे एक एकटा जातो. हे दोघे म्हणजे दोन अतिसूक्ष्म लोहचुंबक. फुटलेली ही जोडी अगदी थोडा वेळ दोन अवस्थांमध्ये झुलत राहते. या झुलण्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो आणि त्यातून शेवटी काय तयार होणार, हे किंचित बदलतं. रेण्याची मांडणी चुंबकीय रेषेशी कोणत्या कोनात आहे त्यावर ते अवलंबून असतं. म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर एका भागातून एक खबर जाते, दुसऱ्या भागातून दुसरी. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की पक्ष्याला समोरच्या देखाव्यावरच कुठे फिकट, कुठे गडद अशी छटा दिसत असावी आणि मान वळवली की ती छटा सरकत असावी.

इथे आमच्यातल्या पनवेलवाल्याने शंका काढली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती दुबळं! फ्रीजच्या दाराला चिकटवतो तो लोहचुंबकसुद्धा जवळून त्याच्या शंभरपट तरी असतो. शरीरातल्या रेणूंची नुसत्या उष्णतेने जी धडपड चाललेली असते, तिच्यापुढे या क्षेत्राची ऊर्जा दहा लाखांत एक हिस्साही भरत नाही. मग ते एखादी रासायनिक क्रिया बदलणार कसं?

उत्तर अब्बांनी दिलं, आणि ते पुस्तकातल्यापेक्षा आम्हाला जास्त पटलं. "ओहोटीला मचवा गाळात रुतला तर दहा माणसांना हलत नाही. भरती चढून तो तरंगायला लागला की चार वर्षांचं पोर बोटाने फिरवतं. पोराची ताकद वाढली का? नाही. मचवा तरंगत होता." इथे भरती म्हणजे प्रकाश. प्रकाश आधी जोडी फोडून तिला अधांतरी ठेवतो, मग दुबळं क्षेत्रही तिला या किंवा त्या बाजूला नेऊ शकतं.

डोळ्याच्या बाजूने पुरावे जमत गेले. २००९ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की डोळ्यांकडून येणारी माहिती हाताळणारा मेंदूचा एक भाग निकामी झाला तर रॉबिनचा चुंबकीय होका हरपतो. चोचीकडची नस कापली तर तो शाबूत राहतो. २०२१ मध्ये ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रॉबिनचं 'क्रिप्टोक्रोम ४' प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्याच्यावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो हे दाखवलं. कोंबडी आणि कबुतर यांच्या त्याच प्रथिनावर तो परिणाम कमी होता. पण हे नळीतलं झालं. उडत्या पक्ष्याच्या डोळ्यात नेमकं हेच घडतं का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून या लेखात 'असावं', 'वाटतं' असे शब्द वारंवार आले आहेत. ते गाळावेत असं आम्हाला वाटलं नाही.

त्या रात्री अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांचा होका डोळ्यात."

आम्ही काही बोललो नाही.

डिसेंबरमध्ये ते हरवले. फजरला खाली उतरले, मशिदीत गेले, परत येताना चुकले. आमच्या वसाहतीत सहा इमारती आहेत, सहाही एका साच्यातल्या. कडेचं न दिसणाऱ्या माणसाला पाटीवरचं अक्षर शोधायचं म्हणजे सगळी भिंत चाळावी लागते. ते दुसऱ्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन आमच्या दारासारख्या दारावर थापा मारत राहिले. तिथल्या वॉचमनने तासाभराने त्यांना आणून सोडलं. ज्या माणसाने अरबी समुद्र शेकडो वेळा पार केला, त्याला वॉचमन दंडाला धरून घेऊन आला. आम्ही दार उघडलं तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर आम्ही जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण न लिहिता हा लेख पुरा होत नाही. आम्ही त्यांच्या चपला लपवल्या. रात्री झोपताना त्या चपलांच्या कपाटातून काढून आमच्या पलंगाखाली ठेवायचो, म्हणजे पहाटे ते एकटे निघणार नाहीत. दोन दिवस त्यांनी शोधल्या. तिसऱ्या दिवसापासून शोधल्या नाहीत, विचारलंही नाही. फजर घरातच पढायचे आणि ऊन वर येईपर्यंत गॅलरीत बसून राहायचे. आम्ही एकमेकांना सांगत होतो की हे त्यांच्या भल्यासाठी आहे.

याच दिवसांत आमचं वाचन एका जुन्या प्रयोगापाशी आलं. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे युरोपातले भाऊबंद शरद ऋतूत बाल्टिक समुद्राच्या बाजूने निघून हॉलंडवरून नैर्ऋत्येला जातात आणि उत्तर फ्रान्स, दक्षिण इंग्लंड या भागांत हिवाळा काढतात. पर्डेक नावाच्या डच संशोधकाने त्यांतले ११ हजारांहून जास्त पक्षी वाटेत पकडले, पायांत कड्या घातल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि तिथे सोडले. हा प्रयोग अनेक वर्षं चालला, निष्कर्ष १९५८ मध्ये छापले गेले. सोडलेल्यांत काही पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली तरुण पाखरं होती, काही आधी जाऊन आलेली थोरली. तरुण पाखरं नैर्ऋत्येलाच उडत राहिली, जसं काही झालंच नाही. ती दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये पोहोचली. त्यांना दिशा ठाऊक होती, ठिकाण ठाऊक नव्हतं. थोरली पाखरं मात्र वळली. स्वित्झर्लंडहून कधीही न उडालेल्या वाटेने वायव्येला गेली आणि आपल्या नेहमीच्या मुलखाकडे निघाली.

दिशा उपजत मिळते. कोकिळाच्या कुळातल्या अनेक पिल्लांना आई-बाप दिसतच नाहीत, परक्यांच्या घरट्यात वाढून ती एकटी निघतात तरी वाट चुकत नाहीत. पण घर कुठे आहे हे जाऊन-येऊनच कळतं, आणि एकदा कळलं की ज्याने उचलून दुसरीकडे नेलं त्याच्या हाती ते राहत नाही.

गोष्ट संपल्यावर अब्बांनी एवढंच विचारलं, "थोरली वळली ना?"

"वळली."

"बरं," म्हणाले, आणि थेंब टाकून घ्यायला मान मागे केली.

त्या रात्री आम्ही पलंगाखालून चपला काढल्या आणि दारापाशी ठेवल्या. सकाळी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या खोलीत चामड्याचा वास यायला लागला होता." मग हसले. आम्हाला हसता आलं नाही.

गावी पाठवायचं ठरवायला मात्र पुढे दीड महिना लागला. आमच्या दोघांतही एकमत नव्हतं. एकाला वाटत होतं, नजर आणखी गेली तर आयुष्यभर मनाला खात राहील. दुसरीला वाटत होतं, इथे ठेवून नजर वाचेल आणि माणूस जाईल. डॉक्टरांनी सांगितलं, थेंब चुकता कामा नयेत, ते कुठे टाकले याने फरक पडत नाही. शेवटी यादी केली. चुलतभावाचा मुलगा शेजारीच राहतो, त्याने इशानंतर येऊन थेंब टाकायचे आणि तेव्हाच आम्हाला व्हिडिओ कॉल करायचा. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग. दर तीन महिन्यांनी तपासणीला मुंबई.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. पनवेल सोडताना आमच्यातल्या नोकरदाराने सांगितलं की भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय इथेच नवीन पनवेलला आहे, रोज जवळून जातो पण आजवर नावाकडेही लक्ष दिलं नव्हतं. पेण मागे टाकून अलिबागला पोहोचलो, तेव्हा अब्बांना या संस्थेची तिथली वेधशाळा दाखवायची आमची इच्छा होती. आत गेलो नाही, बाहेर गाडी थांबवली आणि गोष्ट सांगितली.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांना ठाऊक होतं की रुळांतून वाहणारी वीज त्यांच्या नाजूक काट्यांना हलवत राहील. म्हणून त्यांनी शहरापासून लांब, समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं आणि मोजमापाच्या खोल्या लोखंड टाळून बांधून घेतल्या. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन्हीकडचे आकडे जुळवता यावेत म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्ही चालू ठेवले. मग कुलाब्याचं मोजमाप थांबलं आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

याची जोडगोष्ट ओल्डेनबर्गची आहे. तिथे विद्यापीठाच्या आवारात रॉबिनवर प्रयोग करायचे तर पक्ष्यांना दिशाच सापडेना. वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी त्यांनी प्रयोगाच्या लाकडी खोपट्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावले आणि त्यांचं अर्थिंग केलं. पक्षी लगेच योग्य दिशेला वळले. अर्थिंग काढलं की पुन्हा हरवले. २०१४ मध्ये हे छापून आलं. विजेच्या उपकरणांतून आणि मध्यम लहरींच्या रेडिओच्या पट्ट्यात जो मंद गोंगाट शहरात सतत भरून असतो, त्याने त्यांचा होका बिघडत होता. हा गोंगाट मोबाइलच्या लहरींचा नव्हता, त्या याहून कितीतरी वरच्या पट्ट्यातल्या आहेत. त्यामुळे 'टॉवरने पक्षी मेले' असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. शहराबाहेर मोकळ्या रानात त्याच जातीच्या पक्ष्यांना पत्र्यांशिवाय दिशा सापडत होती.

अब्बा गाडीतून त्या कुंपणाकडे बघत होते, त्यांना ते कितपत दिसत होतं ठाऊक नाही. "साहेबाने काट्यासाठी अख्खी कचेरी हलवली," ते म्हणाले. "शहाणा माणूस."

रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि उजव्या हाताला समुद्र आला. याच समुद्रावरून दर वर्षी अमूर ससाणे जातात. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की मुठीएवढे हे पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावर न थांबता उडतात, सोमालियाला लागतात आणि पुढे आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत जातात. अब्बांनी ऐकून विचारलं की मध्ये किती दिवस जमीन नसते. आम्ही म्हणालो, तीन-चार दिवस. "आम्हाला तेवढेच लागायचे," ते म्हणाले.

घर उघडलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आम्ही सामान आत नेईपर्यंत अब्बा अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात, माजघरातून मागच्या पडवीत जाऊन आले. कुठेही हात पुढे केला नाही, कशालाही धडकले नाहीत. कोनाड्यातला मुसल्ला काढून त्यांनी अंथरला. फोन विचारला नाही, ऊनही बघितलं नाही.

आम्ही निर्धास्त आहोत असं नाही. जूनच्या तपासणीत डाव्या डोळ्याची नजर थोडी आणखी कमी झालेली निघाली. डॉक्टर म्हणाले, थेंब नियमित असूनही काही वेळा असं होतं, मुंबईत राहिले असते तरी झालं असतं. आम्ही ते ऐकून घेतलं. रात्री दोघंही जागे होतो. ऑगस्टमध्ये दोन दिवस वीज आणि नेटवर्क गेलं, थेंब टाकले की नाही कळलं नाही, तेव्हा पुन्हा एकदा भांडणही झालं. अब्बांना परत आणावं का, हा प्रश्न आमच्या घरात मिटलेला नाही. तो दर तीन महिन्यांनी तपासणीच्या कागदाबरोबर परत येतो.

या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी, कॉलची वेळ नसताना, गावाहून फोन आला. आमचं काळीज हललं. तिकडून अब्बा म्हणाले, "आला."

"कुठे?"

"हौदावर. मी वजू करत होतो. आवाजावरून ओळखला, मग त्या बाजूला मान वळवली. शेपूट हलताना दिसली."

मुलीने फोन हिसकून घेतला आणि कोणत्या बाजूने आला ते विचारलं. ते त्यांना सांगता आलं नाही. मग त्यांनी तिला विचारलं, "तुमच्या फरशीवरची ती चुकीची रेघ पुसली का?"

पुसलेली नाही. तिच्या शेजारी दुसरी रेघ आहे आणि तिच्या टोकाशी मुलीने पेन्सिलने एक लहान पक्षी काढला आहे. रोज सकाळी फरशी पुसताना आम्ही दोन्ही रेघांवरून फडकं हलकंच फिरवतो.